जास्तीचा चोक

माझे सासरे कोणतीही वस्तू आधी हातात उचलून बघत. बोकड असो, भोपळा असो की कुदळ. तळहातावर तोलून त्यांची मान हलली, की ती वस्तू चांगली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. तिथल्या आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाइटसुद्धा त्यांनी अशीच तोलून आणलेली होती. दोन फुटांची लोखंडी पट्टी आणि तिच्यात विटेच्या तुकड्यासारखा जड चोक. ती लावणं म्हणजे एक समारंभच. बटण दाबलं की आधी गुरगुरायची, मग दोन्ही टोकं लाल व्हायची, मग लुकलुक सुरू. सासरे काठीनं स्टार्टरला ढोसत, तेव्हा कुठे उजेड पडायचा. संध्याकाळी वाडीतले सगळे दिवे लागले की विजेचा जोर कमी व्हायचा. मग काठीचाही इलाज चालत नसे.

माझं लग्न झाल्यावर दोनेक वर्षांनी तो चोक जळला. नवरा महाडजवळच्या कारखान्यात कामाला, खोली बिरवाडीत. सुट्टीला वाडीवर यायचा. येताना त्यानं महाडच्या बाजारातून नवी पट्टी आणली. पांढऱ्या प्लास्टिकची, ट्यूब बोटाएवढी बारीक, बाहेर स्टार्टरचा पत्ता नाही. सासऱ्यांनी ती जोर लावून उचलली आणि त्यांचा हातच भस्सकन वर गेला.

"ह्यात काय हाय रे? नुसतं टरफल! परत दे आन् वजनाची आण."

"बाबा, आता अशाच येतात. ह्यात चोक इलेक्ट्रॉनिक असतो."

"असूंदे. मला नाय पायजे."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देतो तो बदलून. पुढच्या सुट्टीला आणील."

नवरा पट्टी सासूबाईंकडेच ठेवून रिकाम्या हातानं बिरवाडीला गेला. सासरे गुरं घेऊन डोंगराकडे वळले, तशी सासूबाईंनी मला हाक मारली. "गो, त्या जुन्या पट्टीतला मेलेला चोक काढ."

मी स्क्रू सोडवले. त्यांनी चोकाच्या वायरी विळीवर कापल्या, तो लुगड्याच्या चिंधीत गुंडाळला आणि नव्या पट्टीच्या पोकळीत दाबून बसवला. झाकण चांगलंच फुगलं. मी म्हटलं, "आई, दिसतंय हो."

"दिसूंदे. ते बघणार नायत, उचलणार."

पट्टी कणगीमागे लपवली. पुढच्या सुट्टीला नवऱ्यानं ती बाजारातून आणल्यासारखी सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी तोलली, पुन्हा तोलली.

"आता कशी वस्तू झाली!"

एवढं वजन, म्हणून त्यांनी स्वतः दोन जाड खिळे ठोकले. बटण दाबून सवयीनं काठी उचलली, तोवर घरभर लख्ख उजेड. काठी वरच राहिली. गुरगुर नाही, लुकलुक नाही. त्या संध्याकाळी वाडीतल्या ट्यूबा नुसत्या मिचमिच करत होत्या आणि आमची मात्र स्वच्छ जळत होती. शेजारचे काका बघायला आले. सासरे त्यांना म्हणाले, "वजन हाय तिच्यात." सासूबाई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळल्या. मला तर हसू दाबण्यासाठी बाहेरच जावं लागलं.

असे महिनाभर गेले. एकदा सासरे आणि काका जेवायला बसले असताना वर कट् असा आवाज झाला, झाकण निसटलं आणि चिंधीसकट चोक धाडकन दोघांच्या ताटांमध्ये येऊन पडला. आमटी काकांच्या सदऱ्यावर. सगळे वर बघायला लागलो. ट्यूब जळतच होती.

सासऱ्यांनी चोक उचलला. कापलेल्या वायरी बघितल्या. चिंधी बघितली; तिचा काठ ओळखीचा होता. सासूबाई अगदी मन लावून भाकरी थापत होत्या.

"काय पडलं गो हे?" काकांनी मला विचारलं.

माझ्याआधी सासरेच बोलले. "काय नाय. जास्तीचा होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पट्ट्या उघडून ओटीवर शेजारी शेजारी मांडल्या. जुनीत लोखंड, चोकाची रिकामी जागा, स्टार्टरचं गोल घर, जाड वायरी. नवीत तळहाताएवढी एक हिरवी पाटी आणि तिच्यावर मुगाच्या दाण्यांसारखे बारके भाग. ते बराच वेळ बोटानं एकेक भाग दाखवत मला विचारत राहिले. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. शेवटी त्यांनी हिरवी पाटी फुंकर मारून साफ केली, झाकण सुतळीनं बांधलं आणि पट्टी परत खिळ्यांवर टांगली.

 रात्री जेवताना ते सासूबाईंना एकदम म्हणाले, "आजून काय काय केलंस असं?"

"आता कशाला इचारता?"

"सांग तर."

सासूबाईंनी शांतपणे भाकरी वाढली. "तुमच्या बहिणीकडचं म्हणून खाता ना, ते लोणचं? तिनं धाडणं कधीच सोडलंय. महाडच्या दुकानातलं हाय ते."

सासऱ्यांचं लोणच्यात बुडवलेलं बोट तिथेच थांबलं. त्यांनी बोट चाटलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "मग मोठी बरणी आणत जा की."