रिक्षावाल्याचा फोन मावशींच्या पाटीत

मंडळी, दुपारपासून हसतेय आणि थोडी लाजतेयही, म्हणून लिहितेच.

भाईंदरहून जवळच्याच डोंगरी गावाला शेअर रिक्षाने निघाले होते. शेजारी मासळी विकून घरी चाललेल्या एक कोळी मावशी, पायाशी रिकामी पाटी. रिक्षावाल्याचा एक हात हँडलवर, दुसऱ्यात फोन. वळणावर समोरून बस आली, तेव्हा त्याने कशीबशी रिक्षा कडेला घेतली. मी समोरचा दांडा घट्ट धरला.

मावशी ओरडल्या नाहीत. पुढे वाकून त्यांनी त्याचा फोन काढून घेतला, पाटीत टाकला आणि वर फडकं झाकलं.

"अहो मावशी, वास लागेल त्याला!"

"वास पुसला की जातो रे. तू गेलास तर परत येणार न्हाय."

पाचच मिनिटांत पाटी वाजायला लागली. मावशींनीच फोन उचलला. पलीकडे त्याची बायको.

"बाय, तुझा नवरा बरा हाय, रिक्षा चालवतोय. धड घरी यायला पायजे ना? मग थांबल्यावर तोच फोन करेल."

रिक्षावाला हसला. डोंगरीपर्यंत त्याचे दोन्ही हात हँडलवर होते.

माझं हसू मात्र तिथेच ओशाळलं. माझा नवरा रोज घोडबंदर रोडने स्कूटरवरून येतो आणि बरोबर सात वाजता मी विचारते, "कुठवर आलास?" तो रोज उत्तर देतो. मागे वाऱ्याचा आवाज असतो. फोन कुठल्या हातात धरलाय, हे मी कधी विचारलंच नाही.

तुम्हीही करता का असा फोन?

आत्ता सव्वासात झालेत. मी फोन केलेला नाही. खाली स्कूटर थांबल्याचा आवाज येईपर्यंत तुमच्याशीच बोलत बसलेय.