सोबतीला थांबणारं माणूस

पडदे शिवणाऱ्या मावशींचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलात माणसांची रीघ लागली होती. भावजय रोज डबा आणायची, भाची उशाशी बसून मोबाइलमधले विनोद वाचून दाखवायची. मग केमो संपली, केस परत आले आणि भाऊ म्हणाला, "सुटलीस ताई एकदाची!" त्याच्या लेखी विषय संपला. मावशींचा मात्र दर तीन महिन्यांनी नव्याने सुरू व्हायचा. तपासणीच्या तारखेआधी आठवडाभर शिलाई मशीनवर मन लागायचं नाही. पडद्याची दुमड वाकडी जायची, उसवून पुन्हा घालावी लागायची. पोटात जरा कळ आली, तरी त्या जुने रिपोर्ट काढून बसायच्या. बोलायला जावं, तर "नसते विचार करू नका" एवढंच ऐकायला मिळे.

दुसऱ्या वर्षी दुर्बिणीची तपासणी निघाली.

"सोबत कोण आहे?" सिस्टरने विचारलं.

"कुणी नाही."

"भूल देणार आहोत मावशी. सोबतीशिवाय नाही करता येणार."

आदल्या दिवशीपासून पोट साफ करायचं औषध पिऊन मावशींच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. त्यांनी भावजयीला फोन लावला.

"अहो ताई, आज नेमके पाहुणे आलेत. आणि आता तर तुम्ही ठणठणीत आहात की!"

शेजारच्या खुर्चीत मावशींसारखीच जाडजूड फाइल घेऊन एक उंच, घुमे गृहस्थ बसले होते. तेही एकटेच. "मी थांबतो," ते म्हणाले. "मंगळवारी माझी तपासणी आहे. तुम्ही याल?"

"नातं काय लिहू?" सिस्टरने पेन उघडलं.

"मावसभाऊ लिहा," मावशी म्हणाल्या. सिस्टर हसली आणि तिने तसंच लिहिलं.

मावशी शुद्धीवर आल्या, तेव्हा ते त्यांची पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. तपासणीत काही निघालं नव्हतं. घरी आल्यावर मावशींनी भावाला फोन केला. "मी म्हटलं नव्हतं?" म्हणून तो गाडीच्या दुरुस्तीबद्दल बोलत राहिला.

मंगळवारी मावशी गेल्या. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. "पुन्हा गाठ दिसतेय. तुकडा तपासायला पाठवलाय. ते अजून गुंगीत आहेत, पण घरच्यांना कल्पना असावी." मावशींनी मान डोलावली. आपण घरच्या नाही, हे सांगायला जीभ उचलली नाही.

टॅक्सीत बसल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं,

"काय म्हणाले डॉक्टर?"

मावशींनी जसंच्या तसं सांगितलं.

"तुम्हाला कळलं ते बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर मी कुणाला सांगितलं असतं?"

ते उतरले. मावशींनी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.