पहिल्या ‘नको’नंतर

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून वेमथची गाडी सुटली. माझी मुलगी मृदुला ईलिंगला राहते, तिथंच नोकरी करते, आणि तिनं टॉमशी लग्न ठरवलंय. टॉमच्या आईला, म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाईंना, भेटायला आम्ही तिघं निघालो होतो. मुलगा गुणी आहे. माझी धास्ती वेगळीच: उद्या नातवंडांशी मी मराठीत बोललो, तर त्यांना कळेल का?

“बाबा, रिलॅक्स. काही सुचलं नाही तर वेदरवर बोला,” मृदुला म्हणाली.

वेमथचा समुद्र राखाडी, वारा बोचरा. विषयाला तोटा नव्हता. विहीणबाई मूळच्या जर्सी बेटावरच्या. राजा इंग्लंडचा, पण किनारा दिसतो फ्रान्सचा! दारातच त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले आणि नमस्काराला जोडलेले माझे हात मध्येच अडकले. तेवढ्यात बेटावरून बहिणीचा फोन आला. त्या जेरिए (बेटावरची जुनी नॉर्मन फ्रेंच) बोलू लागल्या. त्यात मधूनच ओळखीचा इंग्रजी शब्द यायचा. शेजारणींनी वाटीवाटीनं साखर न्यावी-आणावी, तसे या दोन भाषांनी शब्द नेले-आणलेले.

जेवायला बेटाच्या पद्धतीनं मडक्यात मंद शिजवलेला घेवडा होता, माझ्यासाठी मुद्दाम बिनमांसाचा. काय चव होती! टॉमनं विचारलं, “आणखी?” आपल्या रीतीप्रमाणे मी म्हटलं, “नको, नको.” पठ्ठ्यानं मडकं उचललं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं!

विहीणबाई खळखळून हसल्या. मडकं परत मागवून त्यांनी दोन डाव वाढले.

“हा इंग्रज बापावर गेलाय. माझ्या माहेरी पहिल्या ‘नको’ला कुणी थांबत नसे.” मग हळूच म्हणाल्या, “मी मात्र एकदा थांबले. हा शाळेत जायला लागला, मुलं हसतात म्हणाला, ‘मम्मी, माझ्याशी जेरिएत बोलू नकोस.’ मी सोडून दिलं. आता ती भाषा या घरात फक्त फोनवर येते. तुम्ही थांबू नका हं. नातवंडं नको म्हणतील. पुन्हा वाढा.”

माझा जीव भांड्यात पडला. ज्या घराची मी धास्ती घेतली होती, तिथंच माझ्या बाजूचं माणूस निघालं.

निघताना स्टेशनवर टॉमनं त्यांच्याकडच्या सफरचंदं आटवून केलेल्या काळ्या मुरंब्याची बरणी पुढे केली. सवयीनं मी म्हणालो, “नको, नको.”

त्याचा हात मागे गेला. मग मृदुलाकडे बघत त्यानं तो पुन्हा पुढे केला.

“घ्या ना, बाबा,” तो चक्क मराठीत म्हणाला.

लंडन येईपर्यंत ती बरणी मी मांडीवरून खाली ठेवली नाही.