जोड नसलेल्या चपला

तुम्ही म्हणाल, गुणाजी, बायको शाळेत बाई आहे, केवढं नशीब तुझं! एकदा येऊन राहा आमच्या खोलीत. आठ दिवस नको, एक दुपार पुरे.

मी गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, तोही रातपाळीचा. सकाळी घरी यायचं, कपभर चहा घ्यायचा आणि चादर डोक्यावरून ओढून आडवं व्हायचं, एवढंच माझं देवाकडे मागणं. ते काही आमच्या बकुळेला बघवत नाही. ती परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत सकाळच्या पाळीला दुसरीचा वर्ग घेते. ती सातवीची फायनल पास, मी नापास. लग्नात हे माझ्याच मामानं मांडवभर ओरडून सांगितलं होतं. तेव्हापासून चाळीत कुणालाही अर्ज लिहायचा असो की पोराचं नाव ठेवायचं असो, सगळे तिला विचारतात. मला फक्त विचारतात, बाई आहेत का घरात?

शाळेतल्या दुसऱ्या बाया बघा. फळ्यावर लिहितात, 'नेहमी खरे बोलावे, चोरी करू नये.' पोरं पाटीवर उतरवून घेतात, घंटा होते, पोरं घरी, बाई घरी. किती सरळ काम! आमच्या हिचं तसं नाही. हिचं म्हणणं, पाटीवर लिहिलेलं थुंकीनं पुसलं जातं, हाताला सवय लागली पाहिजे. म्हणून हिच्या वर्गात दोन नियम. पहिला चपलांचा. वर्गाच्या दाराशी ज्या कोणाच्या चपला निघतील त्या जोडीनं, बोटं बाहेरच्या बाजूला करून लावायच्या, म्हणजे जाणाऱ्याला पाय घातला की चालू पडता येतं. रोज एका पोराची पाळी. वर्गातली निम्मी पोरं अनवाणी, पण पाळी त्यांनाही.

दुसरा नियम माझ्या मुळावर आलेला. काही सापडलं तर ते ज्याला सापडलं त्यानंच त्याचा मालक शोधायचा. बाईंच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. मालक मिळेपर्यंत ती वस्तू ठेवायची कुठं? शाळेतलं कपाट एकच, ते दुपारच्या पाळीवाल्यांनी कुलूप घालून ठेवलेलं. मग राहिलं कोणाचं घर? बरोबर. आमच्या त्या एका खोलीत काय काय राहून गेलं म्हणून सांगू! छत्र्या, भोवरे, कुणाचा तरी पडलेला दुधाचा दात. हो, दात! त्याचाही मालक सापडला. एकदा तर करडू आणून गॅलरीच्या कठड्याला बांधलं. मी झोपलेलो, आणि ते माझी धुतलेली बंडी चघळतंय.

"अगो, ही खोली आहे की चोरबाजार?" मी ओरडलो.

"चोरबाजारात वस्तू विकतात," ती म्हणाली. "आपण परत करतो."

झालं. हिच्याशी बोलून माझंच डोकं दुखतं.

बरं, नोकरी पक्की असती तर मी म्हटलं असतं, कर काय ते. पण ही अजून टेंपररी. हेडमास्तर टिपणीसांनी वर चांगलं कळवलं तरच कायम होणार, नाहीतर घरी. टिपणीस मास्तर शिस्तीचा माणूस. पोरं त्यांना मोठे गुरुजी म्हणायची आणि ते जिन्यात दिसले की भिंतीला चिकटायची. पेन्शन जवळ आलेली, त्यामुळे कुठं नाव येऊ नये, बोट दाखवलं जाऊ नये, याची त्यांना भारी काळजी.

आणि अशात आला छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर अख्खं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद, पगार बंद, माझ्या घरात पैसा येणार तो हिच्या पगाराचा. आमच्या नाक्यावर मोर्चा आला, लाठ्या चालल्या, धूर सोडला, मग गोळ्याही झाडल्या. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. नंतर संचारबंदी लागली.

दुसऱ्या दिवशी दूध-भाजीसाठी घटकाभर सूट मिळाली तेव्हा बाया पिशव्या घेऊन खाली उतरल्या. त्यांच्यामागून हिच्या वर्गातली पोरंही उतरली. थोड्या वेळानं आमच्या दारात बघतो तर सगळ्यांच्या ओच्यात, टोपीत, सदऱ्यात चपला! नाक्यावर जिथं-तिथं पडलेल्या, पळताना निसटलेल्या. कोल्हापुरी, टायरच्या, तळवा झिजलेल्या. सगळ्या एकेकट्या. जोड म्हणून एक नाही.

"बाई, सापडल्या," मालन म्हणाली.

ही मालन समोरच्या चाळीतली. जेमतेम सात-आठ वर्षांची, तेलाविना केस पिंजारलेले, स्वतःच्या पायात काही नाही. पण चपला लावण्यात बकुळेच्या वर्गात पहिला नंबर. कुणाची चप्पल कुठली हे पोरीला पाठ होतं.

मी डोक्याला हात लावला. "अगो बकुळे, अक्कल आहे का? ही चप्पल माझी असं जो म्हणेल, तो मोर्च्यात होता असं ठरणार! साध्या वेषातले पोलीस फिरतायत. कोण येणार आहे मरायला? आणि हा ढीग आपल्या घरात सापडला तर?"

"पोरांनी रस्त्यावरून उचलल्या," ती म्हणाली. "मी परत टाकून या म्हणू? उद्या शाळेत काय तोंडानं शिकवू?"

मग काय, माझी झोपायची जागा गेली. चपला भिंतीकडेनं ओळीत लागल्या, बोटं बाहेर. संचारबंदी उठली, शाळा सुरू झाली, पण मालक काही येईना. पोरं रोज दुपारी शाळा सुटली की आमच्या दारात येऊन बसायची. कुणी जिना चढलं की आशेनं बघायची. येणारा आमचा दूधवाला असायचा. धोंडू म्हणून एक वात्रट पोर होतं, ते मला विचारायचं, "काका, मालक लंगडत चालत असतील का ओ?" मी म्हटलं, "तू गप बस मेल्या, नाहीतर तुलाच लंगडा करतो."

आणि एका दुपारी जिना चढून आले ते टिपणीस मास्तर.

मी धडपडत उठलो, धोतर सारखं केलं. मास्तरांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. त्यांच्या चपला देवळातून चोरीला गेल्याचं त्यांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, बकुळेनंच मला सांगितलेलं. ते दाराशी नाड्या सोडायला वाकले, तोवर मालन सवयीनं पुढं सरकली आणि बूट उचलून लावले, बोटं बाहेर.

"बकुळाबाई, हे काय चालवलंय?" मास्तर आत येत म्हणाले. "शाळेचं नाव यात यायला नको. वरून सक्त तंबी आहे, चळवळीशी शाळेच्या माणसाचा संबंध दिसता कामा नये. हा ढीग आजच्या आज कचऱ्यात गेला पाहिजे. तुमचं कायम होण्याचं प्रकरण माझ्या टेबलावर आहे, विसरू नका."

मी मागून हिला खुणा करतोय, हो म्हण, हो म्हण! ही तोंड उघडणार, इतक्यात मालन ओळीतली एक कोल्हापुरी उचलून मास्तरांपुढं धरून उभी राहिली. चेहरा असा फुललेला, जसं काही तिला बक्षीसच लागलं.

"मोठे गुरुजी, तुमची सापडली!"

"काय?"

"तुमची. डाव्या पायाची. हा बघा हिरवा दोरा, अंगठ्यापाशी. मीच नेली होती ना शिवायला, तुम्ही पाठवलं होतं. काळा दोरा संपला होता म्हणून चांभारानं हिरवा घातला, तुम्ही रागावला होता."

गॅलरीतल्या बायांचं निवडणं-टिपणं थांबलं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे हा माणूस, शिस्तीचा, पेन्शनीचा, नाक्यावर होता? गोळ्या झाडल्या तेव्हा?

"माझी नाही," मास्तर म्हणाले.

"पण गुरुजी, दोरा..."

"माझी नाही म्हणून सांगितलं ना! माझ्या चोरीला गेल्या. धडधडीत खोटं बोलतेस? हेच शिकवतात का तुमच्या बाई?"

पोरीच्या हातातली चप्पल खाली आली. मीच मध्ये पडलो, "लहान आहे हो मास्तर, चुकली असेल." बकुळेनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे शब्द गिळले. एवढंच म्हणायचं होतं हिनं, मालन, तू चुकलीस. तीन शब्द! नोकरी राहिली असती.

ती मालनजवळ खाली बसली. "मालन, नीट बघ. तीच आहे?"

मालननं मास्तरांकडे बघितलं, मग चपलेकडे. "तीच आहे बाई."

"मग ठेव जागेवर. मालक येईपर्यंत राहू दे." आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, "कचऱ्यात नाही टाकणार मी. तुम्हाला वर काय कळवायचं ते कळवा."

मास्तर बूट हातात घेऊनच जिना उतरले. मी त्यानंतर काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. "गिरणी बंद, आता तुझीही शाळा बंद. चपला शिजवून खाऊ या!" असंही म्हटलं. तिनं तांदूळ निवडायला घेतले आणि खड्यांबरोबर निम्मे तांदूळही फेकून दिले.

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. लग्न झाल्यापासून मी हिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आलं नोकरीवरून काढल्याचं पत्र.

"मालनची पाळी होती आज," ती म्हणाली. "चपलांना हात लावायला तयार नाही. म्हणते, बाई, दुसऱ्या कुणाला सांगा. मला ओळखता येत नाही."

नोकरीचं म्हणाल तर मी हिला आणखी चार शब्द ऐकवले असते. पण त्या पोरीचं ऐकून मी उठलो आणि हिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. आणि संताप आला तो मास्तरांचा. पेन्शनीपायी एवढ्याशा पोरीला खोटं पाडायचं? लाज वाटत नाही?

चार-पाच दिवस असेच गेले. मालन आमच्या दारात येईनाशी झाली. मग रविवारी, ऐन दुपारी, सगळी चाळ गॅलरीत बसलेली असताना, टिपणीस मास्तर परत आले. अनवाणी! काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कुणाकडे न बघता ते आमच्या दाराशी आले आणि म्हणाले, "मालनला बोलवा."

धोंडू पळत जाऊन तिला घेऊन आला. ती बकुळेच्या पदरामागं उभी राहिली. मास्तरांनी पुडकं सोडलं. आत उजव्या पायाची कोल्हापुरी.

"माझी डावी चप्पल सापडली का, ते विचारायला आलोय," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नाक्यावर पडली होती. मोर्च्यात."

मी म्हटलं, मास्तर, हळू बोला! पण ते ऐकतायत कुठं.

मालन पदराआडून म्हणाली, "गुरुजी, मी खोटं नव्हते बोलले?"

"नाही बाळ," मास्तर म्हणाले. "मी बोललो."

पोर हलेना. मग हळूच पुढं झाली, ओळीतून ती डावी उचलली, फुंकर मारून धूळ झटकली आणि उजवीशेजारी लावली. बोटं बाहेर. मास्तरांनी पाय घातले.

"तुम्हाला आता शिक्षा होणार?" तिनं विचारलं.

"होईल बहुतेक."

"मग मी कोणाला नाही सांगणार."

"तसं नको," मास्तर म्हणाले. "कुणी विचारलं तर जे पाहिलंस तेच सांग."

ते जिना उतरून गेले आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दारात माणसं यायला लागली. मास्तर येऊ शकतो तर आपल्याला काय झालं? एकेकट्या चपला काखेत लपवून आलेली माणसं, जोड जुळला की पोरांकडे बघून ओशाळं हसायची. मालन सगळ्यांच्या चपला लावून देत होती आणि धोंडूवर डाफरत होती, "अरे बोटं बाहेर!"

पुढच्या आठवड्यात शाळेत म्युनिसिपालिटीचे साहेब चौकशीला आले. कोणी कळवलं देव जाणे, भरल्या गॅलरीत बोलल्यावर कोण नाही कळवणार! ते वर्गात जाऊन पोरांना विचारणार होते म्हणे. टिपणीस मास्तर दारातच आडवे आले. "पोरांना कशाला विचारता? चप्पल माझी, मोर्च्यात मीच होतो. लिहून घ्या." मालनपर्यंत प्रश्न गेलाच नाही.

त्यांची बदली झाली, पार तिकडं उपनगरात, हेडमास्तरकी काढून घेऊन. जाण्याआधी आमच्या हिचं काम करून गेले, ही कायम झाली. आता सांगा, पेन्शन तोंडाशी आलेली, गप्प बसले असते तर काय बिघडत होतं? हे मी बकुळेला बोललो सुद्धा. ती म्हणाली, "मालनला विचारा काय बिघडत होतं ते."

मी नाही विचारलं. मीही तिला 'चुकली असेल' म्हटलं होतं, त्या पोरीपुढं मला नाही बोलता येत.