रिपोर्ट चांगला यावा म्हणून

गारखेड्याच्या दीपमालाला काळजी करायला एरवी कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण घरातच होतं. लेक श्रेया दुसरीत. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. पोरगी दिवसातून कितीदा संडासला जाते, हे अख्ख्या अपार्टमेंटला ठाऊक होतं, कारण दीपमाला लिफ्टमध्येही तेच सांगायची. वाळूजला कंपनीत असलेला नवरा सुदर्शन म्हणायचा, "माझ्यावर गेलीय, मीपण बारीकच होतो." ती त्याच्या सुटलेल्या पोटाकडे बघायची.

जंताच्या गोळ्या झाल्या, दृष्ट काढून झाली. शेवटी डॉक्टरबाईंनी सिलिॲकची शंका घेतली. गव्हातलं काहीतरी आतड्याला सोसत नसावं, रक्त तपासा म्हणाल्या.

आता पाहुणे यायच्या आधी घर आवरायचं, ही दीपमालाची जन्माची सवय. तपासणी तिनं दसऱ्यापर्यंत लांबवली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला लासूर स्टेशनला सासूकडे, आवडाबाईंकडे धाडलं. तिथं गव्हाची पोळी सणालाच, एरवी भाकरी. शाळा उघडल्यावर डब्यात आणि घरच्या ताटातही खानावळीतली ज्वारीची भाकरी. श्रेयाच्या गालांवर गाल आले.

रिपोर्ट स्वच्छ आला. आवडाबाईंनी फोनवर निकाल दिला, "पोरगी ठणठणीत हाय. तुझ्या चपात्याच वाईट."

दीपमाला पेढे घेऊन दवाखान्यात गेली.

"मधे गहू बंद केला होता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अगदी पूर्ण, मॅडम. रिपोर्ट चांगला यावा म्हणून."

बाईंनी चष्मा काढला. "ताई, चोराला मागच्या दारानं घालवलंत आणि मग पोलीस बोलावलेत. गहू पोटात असला तरच रक्तात खूण दिसते. आता काही आठवडे रोज चपाती द्या, मग पुन्हा तपासू."

लेकीला जे बाधतं तेच दीपमाला आता रोज तूप लावून वाढू लागली. आठवडाभरात श्रेयाचं पोट पुन्हा फुगलं.

"आई, मला एकटीलाच शिक्षा का? तूपण खा ना."

दीपमाला सोबत बसून खात राहिली. मायलेकींत वजन वाढलं ते तिचंच.

या वेळी रक्तानं कबुली दिली. मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, आणि शंका उरली नाही. गहू कायमचा बंद.

"म्हंजी जल्मभर भाकर?" आवडाबाई फोनवर म्हणाल्या. "ह्यात आजार कसला गं? मग आमचं सगळं गावच पेशंट की."

दीपमाला रडत होती, ती मधेच हसली. "आत्या, मला थापता येत नाय. शिकवायला या."

"येते. पण कागदावानी पातळ मागू नको."

दीपमालाच्या पहिल्या भाकरीचे तव्यावर पडेपर्यंत तीन तुकडे झाले. श्रेयानं तिन्ही तुकडे दुधात कुस्करले आणि विचारलं, "अजून आहे का?"