ओढ्यापलीकडची हाक

आमच्या शेजारच्या म्हातारीचं स्वतःचं असं कुणी उरलं नव्हतं. ती रोज सकाळी नंदिगड्ड्यातल्या एकेका घरी जायची, न विचारता तांदळाचं सूप पुढ्यात ओढायची आणि खडे वेचत बोलत राहायची. आम्हाला तिचा कंटाळा यायचा.

प्लेग आला तेव्हा सगळं गाव रानातल्या झोपड्यांत राहायला गेलं. माझ्या थोरल्या भावाच्या काखेत गाठ आली होती. त्याला घरातच ठेवून आम्ही निघालो. म्हातारी मात्र त्याच्या उशाशी बसून राहिली.

"चल की आज्जी," मी दारातूनच म्हणालो.

"तुमी जावा. तुमास्नी पोरंबाळं हाईत. माजं काम हितं हाय."

चौथ्या दिवशी ती झोपड्यांजवळच्या ओढ्यापलीकडे येऊन उभी राहिली आणि तिनं मला हाक मारली.

"गेला रे बाबा. सारखं तुजं नाव घेत हुता. तू भाईर बसलायस म्हणून सांगितलं मी. मग निवांत निजला."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मान वर करवेना. तसाच ओढा ओलांडून मी तिच्या मागोमाग गेलो. भावाला उचलायला आम्ही दोघंच होतो.