मोठ्या बाईंच्या रेडिओतली खरखर

मोठ्या बाई गाडी चालवताना रेडिओ लावत, पण त्यावर स्टेशन कधीच नसे. काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे ठेवलेला आणि सगळा रस्ताभर नुसती खरखर. सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मी नवी शिक्षिका, त्यांच्याच सोसायटीत राहणारी, म्हणून रोज त्यांच्या फियाटमधून जात असे. त्या खरखरीनं माझं डोकं उठायचं. बाई मात्र मधेच मान हलवून "हं, दिसलं" म्हणायच्या आणि गाडी हळू करायच्या. पहिल्यांदा मी भाबडेपणानं विचारलं, काय दिसलं. तुला नाही म्हटलं गं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून बाई जळगावहून सुरतेला आल्या. गाडी चालवायला त्यांना नवऱ्यानंच शिकवलं, शेजारी बसून, सतत सूचना देत. मग नवरा गेला. सूचना मात्र थांबल्या नाहीत, आता त्या रेडिओतून येतात, असं बाई भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगत. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो होतो. पण एकदा भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, बाईंनी काही कारण नसताना करकचून ब्रेक लावला. पुढच्याच क्षणी साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो शेजारच्या गल्लीतून सुसाट निघून आमच्यापुढून आडवा गेला. मधे कारखान्याची उंच भिंत होती, तो दिसणं शक्यच नव्हतं. बाईंनी शांतपणे गिअर टाकला आणि म्हणाल्या, "यांनी सांगितलं." त्यानंतर मी हसणं सोडलं. खरं सांगते, मला भीती वाटायची. पण रिक्षात कोंबून घेऊन शाळेत जाण्यापेक्षा ती भीती परवडली, म्हणून गाडी काही सोडली नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा नवराच करायचा. तो गेल्यावर काही वर्षं ती झालीच नाही आणि मग एका दसऱ्याला बाईंनी स्वतः ताट घेतलं. विधवेनं कुंकवाला हात लावला म्हणून शेजारणी कुजबुजल्या. ते ऐकून बाईंना आणखीच जोर चढला. त्यांनी चाकांना, स्टिअरिंगला कुंकू लावलं, बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या एका टोकाला हळद फासली, दुसऱ्याला कुंकू. तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गाडी उभीच राहिली आणि शाळा उघडायच्या दिवशी बॅटरी बसलेली. शेजाऱ्यानं आपली गाडी जवळ आणली, केबल दिल्या आणि प्लस-मायनस नीट बघा म्हणाला. "लाल ते लाल, एवढं कळतं मला," म्हणत बाईंनी लाल चिमटा कुंकवाच्या टोकाला लावला. कुंकू नेमकं मायनसवर होतं. फाडकन ठिणगी उडाली, जळका वास सुटला, शेजाऱ्यानं धावत येऊन केबल उपटल्या. नीट लावल्यावर गाडी सुरू झाली. रेडिओ मात्र गप्प.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शाळेपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या. "मी कुंकवाला हात लावला ते यांना आवडलं नसेल, नाही का गं?"

शाळा सुटल्यावर आम्ही गाडीचं वायरिंग करणाऱ्या भरतभाईकडे गेलो. त्यानं फ्यूज बदलला, तो लगेच उडाला. म्हणजे दोष आत. सेट काढून त्यानं टेबलावर खोलला, तर एक डायोड जळून काळा पडलेला. "बेन, नवो ज नाखी दो ने," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं नव्या सेटचं नाव पुन्हा काढलं नाही, मुकाट्यानं डायोड बदलला. या वेळी फ्यूज टिकला. काट्यामागचा दिवा लागला, खरखर सुरू झाली.

बाई काटा केसाकेसानं सरकवत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट. ओळखीची जागा आली, गेली, पुन्हा आली. शेवटी त्यांचा हात खाली आला. "काहीच नाही गं," त्या म्हणाल्या.

भरतभाई पाठ करून अवजारं आवरत होता. तसंच, मागे न बघता त्यानं विचारलं, "बेन, 'दमानं' एटले शुं?"

दमानं म्हणजे सावकाश, पण हा शब्द कुठे ऐकला, मी विचारलं. त्यानं रेडिओकडे बोट दाखवलं. यातला माणूस मघापासून तेच तर म्हणतोय, असं तो म्हणाला.

बाईंनी स्टूल रेडिओजवळ ओढलं. गाडी शिकवताना 'दमानं घे' हेच म्हणायचे ते, असं पुटपुटल्या आणि रेडिओला कान लावून बसल्या. मीही जीव कानात आणून ऐकलं. खरखर, दुसरं काही नाही. असा संताप आला मला त्या गेलेल्या माणसाचा! इतकी वर्षं जिनं जिवापाड ऐकलं तिला सोडून हा बोलतोय कुणाशी, तर भाषा धड न कळणाऱ्या परक्याशी.

बाईंनी भरतभाईला हळूच विचारलं, "रागात आहेत का?"

त्यानं मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं. "ना बेन. बहु थाकेला लागे छे."

बाईंनी पदरानं रेडिओची काच पुसली. "मग झोपू दे त्यांना," म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

त्या संध्याकाळी घरी येताना बाईंनी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवला.